शिवणकाम आणि वस्त्र-आरेखनातील शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवणवर्ग चालवताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांतले निम्मेअधिक शिवण्याविषयीचे नसून शब्दांविषयीचे असतात. एकाच गोष्टीला पेठेतला शिंपी एक नाव देतो, पाठ्यपुस्तक दुसरे देते आणि निर्यातीचा माल शिवणारा कारखाना तिसरे. शिकणाऱ्याची पंचाईत होते ती इथे. पुढील उत्तरांत या तिन्ही ठिकाणची बोली एकमेकींशी जुळवून दाखवली आहे. मापे मुद्दाम इंचांत दिली आहेत, कारण कापड मीटरवर विकत मिळत असले, तरी अंगावरचे माप आपल्याकडे अजून इंचांतच घेतले जाते.

शिवण, टाका, टीप आणि शिलाई हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

नाहीत. सुई एकदा कापडातून खाली जाऊन वर आली की दोऱ्याची जी एक गुंफण होते, ती टाका. मशीनवर अशा टाक्यांची सलग ओळ घातली की ती टीप, आणि त्या टिपेने दोन कापडे जिथे जोडली जातात ती जागा म्हणजे शिवण. शिलाई हा शब्द कामालाही चालतो आणि मजुरीलाही, “शिलाई किती?” असे गिऱ्हाईक विचारते तेव्हा त्याला टाक्यांची संख्या नको असते.

कारखान्यात हा भेद काटेकोरपणे पाळतात. टाक्यांचे वर्गीकरण आयएसओ ४९१५ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, तर शिवणींचे आयएसओ ४९१६ मध्ये. घरच्या मशीनवरचा दोन दोऱ्यांचा साधा टाका तिथे ३०१ या क्रमांकाने ओळखला जातो. त्यात वरचा दोरा सुईतून आणि खालचा बॉबिनमधून येतो. दोघांची अढी कापडाच्या जाडीच्या मध्यावर बसली, तर ताण बरोबर आहे असे समजावे. कापडाच्या वरच्या अंगाला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसू लागले, तर वरचा ताण जास्त झाला आहे, आणि खालच्या अंगाला दोऱ्याचे सैल फास लोंबू लागले, तर तो कमी पडला आहे.

हाताच्या टाक्यांची नावे मराठीत चांगली रुळलेली आहेत: धावदोरा, उलटी टीप, हेम, साखळी टाका. पुढे काढून टाकण्यासाठीच घातलेल्या लांब टाक्याला कच्चा टाका म्हणतात. टाके काढण्याच्या क्रियेला आपल्याकडे उसवणे हे स्वतंत्र क्रियापद आहे आणि सुईच्या भोकाला नेढे हे स्वतंत्र नाम आहे. इतके नेमके शब्द हाताशी असताना वर्गात “स्टिच ओपन कर” आणि “सुईचा होल” असे ऐकू येते, तेव्हा मी ते दुरुस्त करते.

बेतणे आणि कापणे यांत काय फरक आहे?

कापणे हे कातरीचे काम आहे आणि बेतणे हे डोक्याचे. कापड किती आहे, पन्हा किती आहे, नक्षीला दिशा आहे का, जोड द्यावाच लागला तर तो कुठे झाकला जाईल, उरलेल्या तुकड्यातून बाहीची पट्टी निघेल का, या सगळ्याचा विचार करून खडूने आखणी करणे म्हणजे कपडा बेतणे. बेत हा शब्द आपण जेवणाला आणि प्रवासाला वापरतो, तोच हा.

कारखान्यात याच कामाला मार्कर बनवणे म्हणतात. सर्व आकारांचे भाग कापडाच्या रुंदीवर संगणकावर असे रचतात की मधल्या फटींत कमीत कमी कापड वाया जावे. तयार कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा बहुधा कापडाचाच असल्याने हजारो नगांच्या मालात दोन टक्क्यांची बचतसुद्धा मोठी ठरते. मखमलीसारख्या लव असलेल्या कापडावर मात्र सर्व भागांचे डोके एकाच दिशेला ठेवावे लागते; पुढचा भाग सुलटा आणि पाठ उलटी बेतली, तर दोन्हींचा रंग वेगळा दिसतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की कापडच बदलले.

पन्हा, ताणा, बाणा आणि उरेब म्हणजे नेमके काय?

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. बाजारात ३६, ४४ आणि ५८ इंची पन्हे नेहमी दिसतात. कापड किती मीटर लागेल, या प्रश्नाला पन्हा विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे कपडा टाकताना दोनदा विचार करावा.

मागावर लांबीच्या दिशेने ताणून बसवलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि धोट्याबरोबर आडवे जाणारे धागे म्हणजे बाणा. ताण्याचे धागे विणताना सतत ताणात असल्यामुळे बहुधा अधिक बळकट असतात आणि कमी ताणले जातात. म्हणूनच कपड्याची लांबी ताण्याच्या दिशेने, म्हणजे काठाला समांतर धरतात. पाठ्यपुस्तकातील ग्रेनलाइन हीच. पायजम्याचा एक पाय पुढे वळत असेल, तर बहुतेक वेळा शिवण चुकलेली नसते. तो पाय बेतताना उभा धागा तिरका गेलेला असतो.

उरेब म्हणजे ताण्याशी आणि बाण्याशी ४५ अंशांचा कोन करणारी तिरपी दिशा. शब्द फारसीतून आला आहे आणि तिथेही त्याचा अर्थ तिरपा असाच आहे. काही वर्गांत तिला क्रॉस म्हणतात, महाविद्यालयात बायस म्हणतात. न ताणले जाणारे सुती कापडसुद्धा या दिशेने रबरासारखे ताणते, कारण ओढ धाग्यावर न पडता धाग्यांमधल्या चौकोनांवर पडते आणि ते चौकोन शंकरपाळ्यासारखे होतात. गोल गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात ती याचसाठी: सरळ पट्टी वळणावर चुण्या पाडते, उरेब पट्टी वळणासोबत वळते.

या गुणाचा तोटा पूर्ण घेराच्या झग्यात दिसतो. कंबर २८ इंच असेल, तर आतल्या वर्तुळाची त्रिज्या २८ भागिले ६.२८, म्हणजे जवळजवळ साडेचार इंच येते. ४४ इंची पन्ह्यात जोड न देता बाहेरची त्रिज्या जास्तीत जास्त २२ इंच मिळते, म्हणून मुडपण्यासकट उंची साडेसतरा इंचांवर थांबते. त्याहून लांब हवा असेल तर जोड आलाच, किंवा पन्हा मोठा घ्यावा. अशा घेरात काही भाग ताण्यावर, काही बाण्यावर आणि चार जागी उरेब येतो. त्या चार जागा स्वतःच्या वजनाने खाली उतरतात. म्हणून झगा रात्रभर टांगून ठेवावा आणि सकाळी खालची कड जमिनीपासून मोजून सारखी करावी. ही एक रात्र वाचवणाऱ्यांचे झगे पहिल्याच धुण्यानंतर चार टोकांनी लोंबतात.

अंगाचे माप, तयार माप, लूजिंग आणि दाब यांचा घोळ का होतो?

कारण चारही गोष्टी इंचांतच लिहिल्या जातात आणि पावतीवर फक्त आकडा राहतो.

अंगाचे माप म्हणजे टेप शरीराभोवती धरून आलेला आकडा. त्यात श्वास घेण्यासाठी, हात वर करण्यासाठी आणि बसण्यासाठी जो सैलपणा मिळवतात त्याला दुकानात लूजिंग म्हणतात, महाविद्यालयात ईज. दोन्ही मिळून शिवून झालेल्या कपड्याचे जे माप होते ते तयार माप. दाब म्हणजे शिवणीच्या आत जाणारे जास्तीचे कापड. यालाच मार्जिन म्हणतात. छाती ३६ इंच असेल, तर चौपट घडीवर एका घडीला ९ इंच येतात, अंगासरशा ब्लाउजसाठी त्यात अर्धा इंच लूजिंग आणि बाजूला दीड इंच दाब धरला, तर कातर ११ इंचांवर चालते. एकाच कपड्यात ३६ हे अंगाचे, ३८ हे तयार आणि ४४ हे कापण्याचे माप असते.

उमेदवारीच्या दिवसांत मी यावरच फसले होते. पावतीवर “छाती ३६” असे लिहिलेले होते. मालकांनी ते माप गिऱ्हाइकाचा जुना ब्लाउज टेबलावर पसरून घेतले होते, म्हणजे ते तयार माप होते. मी ते अंगाचे समजून त्यात दोन इंच लूजिंग मिळवले. ब्लाउज ३८ चा झाला आणि ट्रायलच्या वेळी खांद्यावरून घसरू लागला. मोठा झाला म्हणून निभावले. उलट चूक झाली असती, तर दाब सोडला होता तेवढेच सोडवता आले असते. त्यानंतर मी आकड्याआधी अंगाच्या मापाला “अं” आणि तयार मापाला “त” लिहू लागले. माझ्या वर्गातल्या मुलींनाही ही सवय मी पहिल्या आठवड्यातच लावते.

मुंढा, तीरा, मोहरी, सूत अशी मापांची नावे दुकानात ऐकू येतात. त्यांचे अर्थ काय?

मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते ती गोलाई. पुस्तकात तिला आर्महोल म्हणतात. तीरा हा हिंदीभाषक कारागिरांचा शब्द असून त्याने एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे माप सांगितले जाते; मराठी दुकानात त्यालाच शोल्डर म्हणतात. सीट म्हणजे नितंबांच्या सर्वांत भरलेल्या जागेचा घेर, बसण्याची जागा नव्हे. मोहरी म्हणजे पायजम्याच्या किंवा पँटच्या पायाचे खालचे तोंड. फोडणीशी तिचा संबंध नाही.

उंची हा शब्द मात्र जपून वापरावा. ब्लाउजची उंची म्हणजे खांद्यापासून खालच्या कडेपर्यंतची लांबी, बाहीची उंची म्हणजे बाहीची लांबी, आणि गिऱ्हाइकाची उंची म्हणजे त्याची स्वतःची. मुंढ्याची उंची आणि मुंढ्याची गोलाई हीसुद्धा दोन वेगळी मापे आहेत: पहिले खांद्यापासून सरळ खाली मोजतात, दुसरे वळणावर टेप उभा धरून.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. सुतार आणि फिटरही हेच माप बोलतात. “गळा दोन सूत खाली घे” असे मास्तर म्हणाले, तर त्यात दोऱ्याचा काही संबंध नाही, हे नवख्याला आधीच सांगून ठेवावे.

टक, डार्ट, प्लेट, चुणी आणि निरी : कशाला काय म्हणावे?

सपाट कापडाला गोल शरीरावर बसवण्याचे हे वेगवेगळे उपाय आहेत आणि प्रत्येकात जास्तीचे कापड वेगळ्या रीतीने आत घेतले जाते. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला शून्य होत जाणारी शिवलेली घडी म्हणजे पुस्तकातला डार्ट. महाराष्ट्रातल्या जवळजवळ सर्व ब्लाउजच्या दुकानांत तिलाच टक्स म्हणतात. “चार टक्सचा ब्लाउज” हे नाव तिथूनच आले. पण पुस्तकात टक म्हणजे सारख्या रुंदीच्या, एकमेकींना समांतर शिवलेल्या शोभेच्या घड्या, जशा बाळाच्या झबल्यावर किंवा शर्टाच्या छातीवर दिसतात. मुलाखतीला जाणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. दुकानात काम करणाऱ्यांनी तिथला शब्द बदलण्याचा अट्टहास धरू नये.

दुकानातल्या टकाचे, म्हणजे डार्टचे, टोक छातीच्या उंचवट्याच्या बिंदूपर्यंत नेऊ नये. ते साधारण एक इंच अलीकडे थांबवावे, शेवटचे दोन-तीन टाके कापडाच्या अगदी कडेवर घालावेत आणि तिथे उलटी टीप न मारता दोरे हाताने गाठवावेत. टोकाला जी टोचरी घडी उठते ती बहुतेक वेळा इथल्या घाईमुळे.

न शिवता मोजून दुमडलेली आणि फक्त वरच्या कडेला धरलेली घडी म्हणजे प्लेट. दोरा ओढून न मोजता गोळा केलेले कापड म्हणजे चुण्या. चुण्या घालून कडेला लावलेली मोकळी पट्टी म्हणजे झालर. निऱ्या साडीच्या, त्या नेसणाऱ्याच्या बोटांत तयार होतात. शिवलेल्या नऊवारीत मात्र निऱ्याही टिपेने बसवलेल्या असतात, तेव्हा तिथे त्यांना प्लेट म्हटले तरी चालावे, असे माझे मत आहे. माझ्या आईला ते मान्य नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला किंचित कमी, हे शिवायला घेणाऱ्याने आधी मोजून पाहावे, कारण काही तयार साड्या कमी भरतात.

कटोरी आणि प्रिन्सेस कट यांत टक कुठे जातात?

शिवणीत. प्रिन्सेस कटमध्ये मुंढ्यातून किंवा खांद्यावरून निघालेली उभी शिवण छातीच्या बिंदूजवळून खाली जाते आणि वरचा-खालचा टक तिच्यातच विरतो. कटोरीत छातीवरचा भाग वेगळा कापून वाटीसारखा जोडतात. जाड कापडाला प्रिन्सेस कट सोयीचा पडतो, तर काठाचे किंवा खणाचे ब्लाउज टकांवरच ठेवलेले बरे. शिवण मधून गेली की नक्षी तुटते.

इंटरलॉक, ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, पिको आणि बिडिंग यांत नेहमी गोंधळ होतो. नेमके काय?

कापलेल्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून तिच्याभोवती दोरा गुंडाळणारे मशीन म्हणजे ओव्हरलॉक. ते कड कापत कापतच शिवते. तीन दोऱ्यांचा त्याचा नेहमीचा टाका ५०४ क्रमांकाचा. गल्लीतल्या दुकानांवर “इंटरलॉक करून मिळेल” अशी पाटी असते तिथेही हेच काम होते. कारखान्यात मात्र इंटरलॉक हे एका विणलेल्या होजिअरी कापडाचेही नाव आहे. त्यामुळे “इंटरलॉक आहे का?” या प्रश्नाचे उत्तर कुणी कापडाचा गठ्ठा दाखवून देतो, तर कुणी मशीनकडे बोट दाखवून. ओव्हरलॉकच्या जोडीला आत एक साखळी टाक्याची ओळ एकाच वेळी घातली, तर ती सेफ्टी स्टिच, क्रमांक ५१६. जीन्सच्या आतल्या बाजूला ती दिसते.

टी-शर्टच्या खालच्या कडेवर वरून दोन समांतर ओळी आणि आतून जाळी दिसते, ते काम करणाऱ्या मशीनला तिरुपूरपासून मुंबईपर्यंत सगळे फ्लॅटलॉक म्हणतात. तांत्रिक भाषेत हे कव्हरस्टिच आहे आणि खरा फ्लॅटलॉक ६०७ क्रमांकाचा, कडा एकमेकींना भिडवून सपाट जोडणारा टाका आहे. बायरच्या, म्हणजे माल मागवणाऱ्या खरेदीदाराच्या, कागदावर कुठला क्रमांक आहे, तो पाहून मगच होकार द्यावा.

पिको म्हणजे साडीच्या मोकळ्या कडेवर घातलेला दाट, अरुंद, आडवा टाका. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून लावायची सुती पट्टी; तिने निऱ्यांना वजन येते आणि काठ झिजत नाही. दोन्ही मिळून आपल्याकडे फॉल-बिडिंग किंवा फॉल-पिको म्हणतात. फॉल लावण्याआधी पाण्यातून काढून वाळवला नसेल, तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ कायमचा गोळा होतो. हातशिलाई मशीनपेक्षा महाग पडते, पण चांगल्या साडीला तीच करावी.

मगजी, गोट, पायपिंग आणि पट्टी या सगळ्यांचा अर्थ कडेचे कापडच ना?

ढोबळमानाने होय, पण बसवण्याची रीत वेगळी. कड झाकून दोन्ही बाजूंनी दिसणारी अरुंद पट्टी म्हणजे गोट. कपड्याच्या कडेला वेगळ्या रंगाच्या कापडाची शोभेची किनार लावतात, तिला मगजी हा जुना आणि सुरेख शब्द आहे. शिवणीतून डोकावणारी, बऱ्याचदा आत दोरी भरलेली गोलसर कड म्हणजे पायपिंग; कारागीर तिला पायपिन म्हणतात. पट्टी हा शब्द इतका मोकळा आहे की बटणपट्टी, गळपट्टी, कंबरपट्टी असे पुढे विशेषण लावल्याशिवाय तो वापरूच नये. अस्तर म्हणजे आतून लावलेले पूर्ण कापड, आणि कॉलर-कफला ताठपणा देण्यासाठी मध्ये घातले जाणारे ते बकरम.

काज, इस्त्री, बटण हे शब्द मराठी आहेत का?

आता आहेत. काज हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असे मानतात. त्यांच्या भाषेत कासा म्हणजे घर, आणि बटणाचे घर ते कासा. इस्त्रीमागे ताणणे या अर्थाचे एस्तिरार हे पोर्तुगीज क्रियापद आहे. फीत त्याच वाटेने आली. गोवा आणि कोकणपट्टीने ही देवघेव आधी केली. बटणाला आपल्याकडे त्याआधी गुंडी होती आणि गुंडी अडकवायच्या फासाला बिरडे. शिंपी हा शब्द शिल्पी या संस्कृत शब्दाचे प्राकृतातून घडलेले रूप आहे आणि कातर कर्तरीवरून आली. वाहतूक एका दिशेची नव्हती: जाड्याभरड्या कापडाला इंग्रजीत डंगरी हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले, आणि पायजमा तर जगभर गेला.

काजाची मापे मात्र नीट पाठ असावीत. बटणाचा व्यास लीन या मापात मोजतात. ४० लीन म्हणजे एक इंच, म्हणून बाजारात “१८ एल” म्हणून मिळणारे शर्टाचे बटण साडेअकरा मिलिमीटरच्या किंचित आत असते. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक त्याची जाडी. शर्टाच्या पुढच्या पट्टीवर काजे उभी आणि कॉलरच्या पट्ट्यावरचे आडवे असते, कारण गळ्याशी ओढ आडवी बसते.

चौबगला, कळी, नेफा असे जुने शब्द आज शिकवण्याचा उपयोग आहे का?

आहे, कारण त्या वस्तू अजून शिवल्या जातात. बाही सरळ, न वळवता कापलेली असली की हात वर करताना काखेत कापड ओढले जाते. तिथे तिरपा बसवलेला चौकोनी तुकडा म्हणजे चौबगला, आणि खेळाडूंच्या कपड्यांत आज गसेट म्हणून विकला जातो तो हाच. कळी म्हणजे घेर वाढवण्यासाठी बाजूला जोडलेला, वर अरुंद आणि खाली रुंद तुकडा. कळीदार कुर्ता तिच्यावरच उभा असतो. नेफा म्हणजे नाडी ओवण्यासाठी कंबरेला दुमडून केलेली पोकळ पट्टी. अंगरखा आणि बाराबंदी यांना बटणे नव्हती, बंद होते. बाराबंदीच्या तर नावातच त्यांची संख्या आहे.

जिथे मराठी शब्द हातात आहे तिथे तो वापरावा. पण झिपला किंवा कॉलरला नवा संस्कृत शब्द घडवून फळ्यावर लिहिल्याने कुणाचेही भले होत नाही. कारागिराला तो समजत नाही आणि विद्यार्थिनी तो परीक्षेनंतर विसरते.

सुईवर ९०/१४ आणि कापडावर काउंट, जीएसएम असे लिहिलेले असते. ते कसे वाचावे?

९० म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, म्हणजे ०.९० मिलिमीटर, १४ हा तिचाच दुसऱ्या पद्धतीतला क्रमांक. जॉर्जेटला ७५/११, साध्या सुती कापडाला ९०/१४, जीन्सला १००/१६ किंवा त्याहून जाड. काउंट हे सुताच्या बारीकपणाचे माप: एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात तितका काउंट, म्हणून आकडा वाढला की सूत बारीक होते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन.

कारखान्याच्या मुलाखतीला जाताना कोणते शब्द यायलाच हवेत?

टेक पॅक म्हणजे कपड्याची रेखाकृती, मापे, टाके, दोरे, बटणे असा सगळा तपशील असलेले बायरचे दस्तऐवज. ग्रेडिंग म्हणजे एका आकाराच्या कागदी खाक्यावरून लहानमोठे आकार तयार करणे. नॉच म्हणजे दोन भाग जुळवण्यासाठी काठावर दिलेली छोटी कात. एक्यूएल म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या नमुन्यात किती दोष चालतील याची ठरवलेली मर्यादा, कपड्यांत २.५ ही नेहमीची.

सॅम सर्वांत महत्त्वाचे. एक नग शिवायला ठरवून दिलेली मिनिटे म्हणजे सॅम. शर्टाचे सॅम २० असेल, ओळीत ३० कारागीर ४८० मिनिटे काम करत असतील आणि कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर दिवसाला ३६० शर्ट निघायला हवेत. हे गणित तोंडी करता आले, तर समोरच्याला कळते की उमेदवाराने मशीनची ओळ पाहिलेली आहे.

सिल्हूट, कूत्यूर, मसलीन हे डिझायनिंगचे शब्द कसे समजावेत?

सिल्हूट म्हणजे कपडा घातलेल्या व्यक्तीची दुरून दिसणारी बाह्यरेषा. १७५९ मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री झालेल्या एतिएन द सिल्हूट यांच्या नावावरून तो शब्द पडला. ओत कूत्यूर हे फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याने राखीव नाव आहे, म्हणून ते आपल्या दुकानाच्या पाटीवर शोभेसाठी लावू नये. मसलीन म्हणजे खरे तर मलमल, पण महाविद्यालयात “मसलीन कर” म्हणजे स्वस्त कापडात आधी नमुना शिवून पाहा. आपल्याकडे त्यासाठी मांजरपाट घेतात. महागड्या रेशमाला कातर लावण्याआधी हा खर्च जरूर करावा.

३६ नंबर किंवा एम साइज सगळीकडे सारखी का नसते?

कारण तयार कपड्यांचे कारखाने वेगवेगळी कोष्टके वापरतात आणि त्यांतली पुष्कळ परदेशी शरीरमापांवरून आलेली आहेत. भारतीय मापे गोळा करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, इंडियासाइज हा प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबईसह ६ शहरांतील २५,००० लोकांची मापे त्रिमित स्कॅनरने घेण्याचे ठरवले गेले. ती मापे वापरात येईपर्यंत आणि त्यानंतरही अक्षर पाहू नये, टेप लावावी.

शिंप्याकडे कपडा टाकताना पावतीवर काय लिहून घ्यावे?

माप अंगाचे आहे की तयार, कापड पाण्यातून काढलेले आहे की नाही, दाब किती सोडायचा, वाढत्या मुलीच्या पोलक्याला दोन्ही बाजूंना निदान दीड इंच, अस्तर कुणाचे, हेम हाताने की मशीनवर, उरलेले कापड परत हवे की नको. गळ्याची खोली आकड्यात लिहून घ्यावी, “थोडा खोल” असे शब्दांत नव्हे. नमुन्यासाठी जुना कपडा दिला असेल, तर त्यात काय बदलायचे आहे तेही त्याच पावतीवर यावे, कारण कपडा घेणारा आणि कापणारा बहुतेक वेळा एकच माणूस नसतो.